चिप आणि ड्रायव्हर जुळवताना: दहा बीडचा एक दिवा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

१० वॉटची एलईडी चिप आणली, तिला वीज पुरवणारा १० वॉटचा ड्रायव्हर आणला, दोन तारा जोडल्या, आणि दिवा नीट पेटण्याऐवजी सेकंदाला एकदा लुकलुकायला लागला. घरी दिवे बनवणाऱ्यांची ही सर्वांत नेहमीची तक्रार, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. दोन्ही वस्तू चांगल्या असूनही असं होतं. त्या चौकोनी १० वॉटच्या चिपला ९ ते ११ व्होल्ट आणि ९०० मिलिअँप लागतात. ड्रायव्हरच्या लेबलवर मात्र बारीक अक्षरात ३०० मिलिअँप, २४ ते ४२ व्होल्ट असं लिहिलेलं असतं. अशा बऱ्याच ड्रायव्हरमध्ये आतली आयसी (सगळं नियंत्रण करणारा छोटा काळा भाग) आपला पुरवठा आउटपुटच्या प्रमाणात मिळवते. आउटपुट १० व्होल्टवरच अडकलं की आयसीचाच पुरवठा तुटतो, ती बंद पडते, पुन्हा सुरू होते, पुन्हा बंद पडते. वॉट दोन्हीकडे १० होते, पण वॉट म्हणजे व्होल्ट आणि करंट यांचा गुणाकार. गुणाकार सारखा आला म्हणून आतले दोन आकडे सारखे असतीलच असं नाही.

म्हणून जुळवताना मी करंट आधी बघतो, मग व्होल्टेज, आणि वॉट सगळ्यांत शेवटी, तेही उष्णतेच्या हिशोबापुरते.

करंट आधी का, हे एलईडीच्या स्वभावातच आहे. पांढरी एलईडी ही खरं तर निळी एलईडी असते. ४५० नॅनोमीटरच्या आसपास निळा प्रकाश देणारा डाय, म्हणजे चिपच्या आतला प्रकाश देणारा बारीक तुकडा, आणि त्यावर पिवळा फॉस्फर, म्हणजे काही निळा प्रकाश पिवळ्यात बदलणारा लेप. त्या निळ्या प्रकाशकणाची ऊर्जा साधारण २.७५ इलेक्ट्रॉनव्होल्ट, त्यामुळे पांढऱ्या डायला कामाच्या करंटवर २.८ ते ३.४ व्होल्ट लागतात. लाल डाय २ व्होल्टच्या आसपास भागवतो. त्या उंबरठ्याच्या खाली चिपमधून जवळजवळ काहीच वाहत नाही, वर मात्र करंट भसकन वाढतो. ३.० चे ३.२ व्होल्ट केले तर करंट दुप्पट होऊ शकतो. त्यात चिप तापली की उंबरठा खाली येतो, दर अंशाला साधारण २ ते ३ मिलिव्होल्ट. व्होल्टेज कायम धरून ठेवलं तर तापलेली चिप जास्त करंट ओढते, त्याने आणखी तापते, आणखी ओढते. म्हणून चिपला हवा तो ठरलेला करंट देणारा ड्रायव्हर. व्होल्टेज किती ते चिप स्वतः ठरवते. ड्रायव्हरच्या लेबलवरचा '२४ ते ४२' म्हणजे तो एवढ्या पट्ट्यात जुळवून घेईल एवढंच सांगणं.

उदाहरणासाठी एक साधा दिवा घेऊ. गोल भिंगाच्या १ वॉटच्या दहा बीड (मण्यासारख्या सुट्या एलईडी), अॅल्युमिनियमच्या स्टार-पीसीबीवर (चांदणीच्या आकाराची छोटी सर्किटची पट्टी), सगळ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकीमागे एक. ड्रायव्हर ३०० मिलिअँपचा, ज्यावर '८-१२×१ वॉट' लिहिलेलं असतं तो.

जोडणीआधी प्रत्येक बीड मोजतो. मल्टीमीटरच्या डायोड मोडवर ३ व्होल्टची चिप मंद का होईना पेटते आणि प्लस-मायनसची दिशा कळते. सपाट २८३५ (२.८ × ३.५ मिलिमीटरच्या) चिप वापरत असाल तर इथे जास्त सावध राहायला हवं. त्याच आकारात ३, ९ आणि १८ व्होल्टच्या चिप मिळतात आणि बाहेरून ओळखू येत नाहीत. ९ व्होल्टच्या चिपमध्ये आत तीन डाय सिरीजमध्ये असतात, १८ च्या चिपमध्ये सहा. डायोड मोडवर त्या पेटणार नाहीत आणि खराब समजून फेकल्या जातील. त्यासाठी करंट लिमिट असलेला बेंच सप्लाय (व्होल्टेज आणि करंट हवा तेवढा बांधता येणारा टेबलावरचा पुरवठा) १० मिलिअँपवर लावतो आणि व्होल्टेज वाचतो. २.७ च्या आसपास थांबला तर एक डाय, ८ च्या आसपास तर तीन, १६ च्या आसपास तर सहा. २० ते १०० वॉटच्या चौकोनी सीओबी चिपमध्ये (एकाच प्लेटवर अनेक डाय बसवलेल्या) बहुतेक दहा-दहाच्या ओळी असतात, तिथे हा आकडा २६-२७ येतो.

बीडच्या बाबतीत आणखी एक तपासणी चुकवू नका. पोटाखाली धातूची जी गोल टिकली असते, ती काही बीडमध्ये एका पायाला आतून जोडलेली असते. टिकली आणि दोन्ही पाय यांच्यात कंटिन्युइटी बघायची. जोडलेली निघाली आणि दहा बीड उघड्या अॅल्युमिनियमवर पेस्ट लावून बसवल्या, तर हीटसिंकमधूनच (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा पत्रा) मधल्या चिप शॉर्ट होतात. पेटवल्यावर दोन-तीनच बीड लागतात आणि माणूस दिवसभर सोल्डर तपासत बसतो. स्टार-पीसीबीवर अॅल्युमिनियम आणि तांबं यांच्यामध्ये इन्सुलेशनचा थर असतो, म्हणून तीच वापरावी. बसवण्याआधी तिच्या किनारीवर तांब्याचा कण अॅल्युमिनियमला टेकलेला नाही ना, तेही मीटरने बघावं.

आता बेरीज. बेंच सप्लायवर ३०० मिलिअँपला एक बीड ३.१५ व्होल्ट दाखवते असं धरू. दहाचे ३१.५ व्होल्ट, गार असताना. वॉट साडेनऊच्या आत. ड्रायव्हरचा पट्टा २४ ते ४२, आपला आकडा मधोमध बसतो. असाच मधोमध बसायला हवा. सात बीड लावल्या तर २२ व्होल्ट होतात, दिवा लुकलुकण्याची शक्यता. तेरा लावल्या तर ४१. कागदावर चालतं, पण कडाक्याच्या थंडीत चिपचं व्होल्टेज वर जातं आणि पट्टा संपतो. मग सुरू होतानाच दिवा थरथरतो, थोडा तापला की नीट लागतो. सकाळी थरथरणारा आणि दुपारी नीट चालणारा दिवा दिसला की आधी चिपची संख्या मोजावी, ड्रायव्हर बदलू नये.

३०० मिलिअँपही प्रत्येक बीडला झेपतो असं नाही. १ वॉटच्या बीडचा अधिकृत करंट ३५० मिलिअँप असतो, पण हलक्या मालात आतला डाय लहान घातलेला असतो. भिंगातून वाकून पाहिलं तर दोन वेगळ्या मालांतला फरक डोळ्यांनीही दिसतो. म्हणून मी छापील करंटच्या ७० ते ८० टक्क्यांवरच चालवतो. प्रकाश तितक्या प्रमाणात कमी होत नाही, कारण कमी करंटवर एलईडीची कार्यक्षमता वाढते. उष्णता मात्र खरोखर कमी होते. माझ्या मते घरगुती दिव्यात यापेक्षा स्वस्त सुधारणा दुसरी नाही.

यासाठी नवा ड्रायव्हर घ्यावा लागतोच असं नाही. बहुतेक लहान ड्रायव्हरमध्ये आयसीच्या सेन्स पायाशी (जिथून ती करंट मोजते) दोन एसएमडी, म्हणजे पट्टीवर सपाट चिकटवलेले, रेझिस्टर पॅरललमध्ये (एकमेकांना समांतर) बसवलेले असतात, करंट त्यांनीच ठरतो. समजा २.२ आणि ५.६ ओहम आहेत. पॅरललमध्ये १.५८ ओहम. ५.६ चा काढून टाकला की २.२ उरतो आणि ३०० मिलिअँपचे साधारण २१५ होतात. दोघांपैकी मोठ्या आकड्याचा काढायचा, म्हणजे फरक हळुवार पडतो. उलट दिशेने, तिसरा रेझिस्टर जोडून करंट वाढवायला जाऊ नका. ट्रान्सफॉर्मर, स्विच आणि डायोड त्या मापाचे नसतात. उघडण्यापूर्वी प्लग काढलेला हवा आणि इनपुटचा मोठा कॅपॅसिटर रिकामा केलेला हवा. २३० व्होल्टच्या मेन्सवर तो ३२५ व्होल्टपर्यंत भरलेला असतो. १० किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर टोकांवर काही सेकंद धरायचा, मग मीटर लावून व्होल्टेज शून्याजवळ आल्याची खात्री करायची. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडून रिकामा करण्याची सवय असेल तर ती सोडा. कॅपॅसिटर आणि पट्टी दोन्ही खराब होतात.

ड्रायव्हर आयसोलेटेड आहे की नाही, म्हणजे त्याचं आउटपुट मेन्सपासून विजेच्या दृष्टीने वेगळं आहे की नाही, हा प्रश्न करंटइतकाच महत्त्वाचा, कारण तो जिवाशी निगडित आहे. आयसोलेटेड ड्रायव्हरमध्ये दोन वेगळ्या वाइंडिंगचा ट्रान्सफॉर्मर असतो आणि पीसीबीवर मेन्सची बाजू आणि आउटपुटची बाजू यांच्यामध्ये तांब्याविना मोकळी रुंद पट्टी दिसते. नॉन-आयसोलेटेडमध्ये एकच इंडक्टर असतो, ड्रमसारखा किंवा लहान चौकोनी, आणि आउटपुटची तार थेट मेन्सशी नातं ठेवून असते. लेबलवर '२४ व्होल्ट डीसी' असलं तरी त्या तारेला हात लावला तर झटका मेन्सचा बसतो. थेट २३० व्होल्टवर चालणाऱ्या, ड्रायव्हर पट्टीवरच असलेल्या चिपचंही तेच. अशा चिप बंद, इन्सुलेटेड आवरणात आणि अर्थ केलेल्या हीटसिंकवरच हव्यात. ज्या दिव्याचं हीटसिंक हाताला लागू शकतं, तिथे मी आयसोलेटेडच वापरतो आणि धातूच्या भागाला अर्थिंगही देतो.

हीटसिंकचा हिशोब सोपा आहे. साडेनऊ वॉटपैकी साधारण दोन तृतीयांश उष्णता होते, म्हणजे सहा वॉट. मोकळ्या हवेत, पंख्याशिवाय, उष्णतेच्या दर वॉटला निदान ५० चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग धरतो, म्हणजे ३०० चौरस सेंटिमीटर. दोन्ही बाजू मोकळ्या असतील तर साडेबारा सेंटिमीटर लांबी-रुंदीची पत्र्याची प्लेट पुरते, जाडी २ ते ३ मिलिमीटर. एक बाजू छताला चिकटणार असेल तर ती बाजू हिशोबातून काढून टाका. चकचकीत अॅल्युमिनियमपेक्षा रंग दिलेलं किंवा अॅनोडाइज केलेलं बरं, त्यातून उष्णता किरणांनी जास्त बाहेर पडते. थर्मल पेस्ट पातळ लावायची. तिचं काम फक्त खाचखळगे भरणं. जाड थर दिला तर तोच अडथळा होतो, कारण पेस्टपेक्षा अॅल्युमिनियम किती तरी पटींनी चांगला वाहक आहे. सीओबी चिपचे चार स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांनी थोडे थोडे आवळावेत. एक कोपरा आधी पक्का केला तर प्लेट वाकते आणि मधोमध, जिथे उष्णता सर्वांत जास्त, तिथेच पोकळी राहते.

मग जोडणी, आणि इथे क्रमाला महत्त्व आहे. आधी चिपच्या तारा ड्रायव्हरला पक्क्या जोडायच्या, मगच मेन्स सुरू करायचा. चालू ड्रायव्हरला चिप जोडणं ही नव्या माणसाची सर्वांत महाग चूक. भार नसताना ड्रायव्हरचं आउटपुट आपल्या कमाल व्होल्टेजपर्यंत, कधी त्याच्याही वर चढून बसतं आणि आउटपुट कॅपॅसिटर तेवढा भरतो. ३१ व्होल्टच्या माळेला ४५ व्होल्टचा भरलेला कॅपॅसिटर टेकवला की ड्रायव्हरच्या नियंत्रणाआधीच तो साठा माळेतून धावतो. चिप लगेच मरते किंवा, त्याहून वाईट, महिन्याभराने मरते. सैल कनेक्टर हेच काम रोज थोडं थोडं करत असतो. म्हणून आउटपुटच्या बाजूला सोल्डर किंवा स्क्रूचं टर्मिनल, नुसती पीळ मारलेली तार नको. स्विचही नेहमी मेन्सच्या बाजूला, ड्रायव्हर आणि चिप यांच्यामध्ये नाही.

करंट मोजायला मीटर थेट सिरीजमध्ये घालण्यापेक्षा मी माळेच्या एका टोकाला १ ओहम, १ वॉटचा रेझिस्टर घालतो आणि त्याच्यावरचे मिलिव्होल्ट वाचतो. ३०० मिलिव्होल्ट म्हणजे ३०० मिलिअँप. मीटरच्या मिलिअँपच्या भोकात बहुधा २०० मिलिअँपपर्यंतचा फ्यूज असतो, तो ३०० ला उडतो. आणि तार १० अँपच्या भोकात विसरून पुढे व्होल्टेज मोजायला गेलं की थेट शॉर्ट. रेझिस्टरच्या पद्धतीत या दोन्ही भानगडी नाहीत. मोठ्या चिपसाठी मात्र १ ओहम चालणार नाही. ३ अँपला त्यात ९ वॉट जळतील. तिथे ०.१ ओहम, ५ वॉटचा घ्यावा, तेव्हा ३०० मिलिव्होल्ट म्हणजे ३ अँप. मीटरच्या क्लिपा वीज सुरू करण्याआधी लावायच्या आणि सुरू असताना हात लांब.

पेटवल्यावर पहिल्या काही सेकंदांत माळेचा एकूण व्होल्टेज लिहून घ्यायचा. समजा ३१.५. मग १० मिनिटांनी, अर्ध्या तासाने, तासाने. या आकड्यांत जे दडलेलं आहे ते बोट लावून किंवा बाहेरून थर्मामीटर टेकवून कळत नाही. चिपचं व्होल्टेज हाच तिच्या आतला थर्मामीटर असतो. करंट कायम आहे, त्यामुळे व्होल्टेज जेवढं उतरलं ते तापण्यामुळेच. दहा चिपच्या माळेत एकूण १ व्होल्ट उतरला, म्हणजे प्रत्येकीत १०० मिलिव्होल्ट, म्हणजे आतलं तापमान साधारण ३५ ते ५० अंशांनी वाढलं. खोली २८ अंशांची असेल तर डाय ६३ ते ७८ अंशांवर आहे, हे चांगलंच. दीड-पावणेदोन व्होल्ट उतरला तर हीटसिंक कमी पडतंय. आणि तासानंतरही आकडा स्थिर न होता घसरतच असेल तर दिवा बंद करून कारण शोधा. दोन-तीन मिनिटांतच झपाट्याने उतरला आणि हीटसिंक मात्र गारच राहिलं, तर दोष पत्र्यात नाही. चिप आणि पत्रा यांच्यामध्ये पेस्ट किंवा सोल्डर नीट बसलेली नाही. या एका आकड्याने हे दोन दोष एकमेकांपासून वेगळे काढता येतात, म्हणून हा तास मी कधीच वाचवत नाही.

ड्रायव्हर या उष्णतेपासून लांब ठेवायचा. त्यातला इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटर सर्वांत आधी म्हातारा होतो. तापमान दर १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. चिपच्या पाठीमागे त्याच डबीत कोंबलेला ड्रायव्हर चिपच्या कितीतरी आधी जातो. मग दिवा १०० हर्ट्झला थरथरतो, मोबाइलच्या कॅमेऱ्यात काळे पट्टे सरकताना दिसतात. नव्या दिव्यातही पट्टे दिसत असतील तर आउटपुट कॅपॅसिटर मुळातच लहान आहे. त्याच्या जागी मोठा, पण व्होल्टेज रेटिंग आधीइतकं किंवा जास्त असलेला आणि १०५ अंशांचा बसवावा.

दोन माळा एका ड्रायव्हरवर पॅरलल लावू का, हा प्रश्न नेहमी येतो. ६०० मिलिअँपचा ड्रायव्हर आणि दहा-दहाच्या दोन माळा, कागदावर छान दिसतं. पण दोन माळांच्या व्होल्टेजमध्ये अर्धा-पाऊण व्होल्टचा फरक सहज असतो आणि दहा चिपच्या माळेचा अंतर्गत रोध जेमतेम ५ ते १० ओहम. एवढ्या फरकावर एक माळ साडेतीनशेच्या आसपास आणि दुसरी अडीचशेच्या आसपास घेते. जास्त घेणारी जास्त तापते आणि आणखी ओढते. एका माळेची एक चिप उघडली की सगळे ६०० दुसरीवर. जमल्यास दोन ड्रायव्हर लावा. नाहीच जमलं तर माळांची व्होल्टेज जुळवून घ्या, दोन्ही एकाच हीटसिंकवर ठेवा आणि प्रत्येकीत २.२ ओहमचा रेझिस्टर घाला. १०० वॉटच्या सीओबीत दहा ओळी अशाच आत पॅरलल असतात, रेझिस्टरविना. एक ओळ काळी पडली की उरलेल्या नऊ ओळींत ३०० ऐवजी ३३३ मिलिअँप. म्हणून तिला ३ अँपऐवजी २ ते २.१ अँपचाच ड्रायव्हर द्यावा.

१२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवायचं असेल तर तीन चिप आणि एक रेझिस्टर हा जुना जुगाड तपासून बघा. तीन चिपचे ९.३ व्होल्ट, उरले २.७, १८ ओहम घातला की १५० मिलिअँप. पण तीच बॅटरी चार्जिंगला १४.४ वर गेली की त्याच गणिताने २८० च्या वर, आणि ११ वर आली की ९५ च्या आत. इथे करंट बांधता येणारं बक मॉड्यूल (व्होल्टेज खाली उतरवणारं तयार सर्किट) हवं. त्यावर दोन स्क्रू पॉट असतात (फिरवून जुळवायचे छोटे स्क्रू), एक व्होल्टेजचा आणि एक करंटचा. भार न लावता आधी व्होल्टेज १२ च्या खाली, माळेपेक्षा एक-दीड व्होल्ट वर ठेवायचं, मग १० अँपच्या भोकातून अॅमीटरने आउटपुट शॉर्ट करून करंट बसवायचा, मगच चिप लावायच्या. इनपुट आउटपुटपेक्षा निदान एक-दोन व्होल्ट जास्त लागतं, म्हणून १२ व्होल्टवर चार चिपची माळ बकला जड जाते.

पुढे कधी दिवा बिघडला तर लक्षणांवरून पटकन ओळखता येतं. पूर्ण अंधार म्हणजे माळेत कुठे तरी एक चिप किंवा एक सोल्डर उघडं. ते बेंच सप्लायवर २० मिलिअँप सोडून, एकेका चिपवरून तार टेकवत शोधायचं, चालू ड्रायव्हरवर नाही. एकच चिप काळी आणि बाकीच्या नेहमीसारख्या, तर ती आतून शॉर्ट. प्रकाश निळसर आणि मधोमध तपकिरी डाग, म्हणजे फॉस्फर जळलाय, करंट जास्त होता किंवा पेस्ट नव्हती. स्विच बंद केल्यावरही मंद उजेड राहतो, तर स्विच न्यूट्रलमध्ये आहे किंवा त्यात छोटा निऑन दिवा आहे.

झाकण लावण्याआधी आतल्या बाजूला न पुसणाऱ्या पेनने चार गोष्टी लिहून ठेवतो: तारीख, मोजलेला करंट, गार असतानाचा व्होल्टेज आणि तासानंतरचा व्होल्टेज. वर्षभराने झाकण उघडून तेच मोजायचं. गारचा आकडा तोच आणि तासानंतरचा आधीपेक्षा अर्धा व्होल्ट खाली आला असेल, तर पेस्ट सुकली आहे. ती खरवडून पुन्हा लावली की झालं.